चाळीस घरांची ओळ

नववीचं रसायनशास्त्राचं पुस्तक तपासायला आलं, तेव्हा तिला त्या नोकरीत जेमतेम तीन आठवडे झाले होते. दृष्टिहीन मुलांसाठी पुस्तकं काढणारा छापखाना होता तो, आणि ती स्वतः जन्मांध. छपाईआधी प्रत्येक ओळ बोटांनी वाचायची आणि चुका टिपायच्या, हे तिचं काम. तिथे सगळे तिला ताई म्हणत.

टेबलावर हातभर लांबीचं यंत्र होतं. त्यात एका रांगेत चाळीस घरं आणि प्रत्येक घरात टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. संगणकातली ओळ आली की हवे ते ठिपके वर यायचे आणि बोटाखाली अक्षरं उभी राहायची. वाचून झालं की कळ दाबायची. किर्र असा आवाज होऊन पुढची ओळ हजर. कानातल्या यंत्रातून संगणकही त्याच वेळी तीच ओळ बोलून दाखवायचा.

व्यवस्थापकाला ती पहिल्या दिवसापासून नको होती. तसं त्याने लपवलंही नव्हतं.

"हे सगळं आता सॉफ्टवेअर करतं, ताई. वरिष्ठांनी सांगितलं म्हणून तुम्ही इथे आहात. परीक्षेच्या आधी पुस्तक निर्दोष निघायला हवं. एक चूक राहिली तरी मी तुम्हाला ठेवणार नाही."

तिने कळ दाबून पुढची ओळ आणली. घरी धाकटी बहीण एकटी कमावत होती, आणि ही नोकरी मिळायला चार वर्षं गेली होती.

बासष्टाव्या पानावर कानात आवाज आला, 'आम्ल निळ्या लिटमसला तांबडं करतं.' बोटाखाली मात्र तेवढी लांब ओळ नव्हतीच. सात घरांत दोन शब्द होते.

हात काढ.

तिने मागची ओळ आणली, पुन्हा पुढची. आता लिटमस होता, तांबडंही होतं. कुणीतरी चावटपणा केला असेल म्हणून तिने सोडून दिलं. चार पानांनी तेच पुन्हा आलं. तिने व्यवस्थापकाला हाक मारली. त्याने संगणकाच्या पडद्यावर नजर टाकली.

"आहे की सगळं बरोबर. बोटं थकली असतील तुमची." मग दाराशी जाऊन थांबला. "की डोकं?"

तिसऱ्या दिवशी ते शब्द प्रत्येक पानावर यायला लागले. आधी एकदा, मग दोनदा. दुपारपर्यंत चाळीसही घरं त्यांनीच भरून गेली. ठिपके नेहमीपेक्षा वर येत होते आणि बोटाला खालून रेटत होते. बोट उचललं की किर्र आवाज व्हायचा आणि ओळ कोरी व्हायची. तरी संध्याकाळपर्यंत ती जागची हलली नाही.

तिच्याआधी त्याच टेबलावर एक मास्तर बारा वर्षं बसत. तेही अंध होते. गेल्या वर्षी एका सोमवारी ते आलेच नाहीत. रविवारी बहिणीने तिला त्यांच्या घरी नेलं.

मास्तरांनी आधी बहिणीला बाहेरच्या खोलीत बसायला लावलं. दार लोटलं. मग खुर्ची पुढे ओढून विचारलं, "तुला काय म्हणतं ते?"

तिने अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"'हात काढ' म्हणतं."

मास्तर खुर्चीत मागे टेकले. खोलीत एक घड्याळ चालत होतं.

"नशीबवान आहेस. मला 'ठेव' म्हणायचं."

"आणि तुम्ही?"

"ठेवला. अकरा महिने ठेवला. एवढ्या प्रेमाने आजवर कुणी बोललं नव्हतं." ते उठले. "ते बोलणं बदलायच्या आत नोकरी सोड."

"दुसरी कुठली मिळणार मला, मास्तर?"

निघताना त्यांनी तिचा हात हातात घेतला. तळवा म्हाताऱ्या माणसाचा होता, सुरकुतलेला, कोरडा. पण बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत होती. रेघा नाहीत, घट्टे नाहीत, काहीच नाही.

"भाजली का बोटं?"

"नाही गं," मास्तर म्हणाले. "वाचून झाली."

सोमवारपासून तिने यंत्राला हात लावला नाही. नुसत्या कानांवर काम रेटलं. पण ऱ्हस्व काय नि दीर्घ काय, कानाला सारखंच. बुधवारी दुपारी व्यवस्थापकाने कागदांचा गठ्ठा तिच्या टेबलावर आपटला.

"अकरा चुका! आणि हात मांडीवर ठेवून बसता दिवसभर? लावा बोटं. माझ्यासमोर लावा."

ती लावेना, तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं आणि हात यंत्रावर दाबला.

'हात काढ' आलं नाही. तीन घरं हलकेच वर आली.

ठेव.

व्यवस्थापक समाधानाने निघून गेला. त्याची पावलं दूर जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

मग बाकीची घरंही हलू लागली. ती अक्षरं नव्हती. ठिपके तिच्या बोटाच्या टोकावरून डावीकडून उजवीकडे सरकत होते, अगदी सावकाश, एकेका रेघेवर थांबत.

एका जागी ते अडखळले. मागे आले. तीच रेघ त्यांनी पुन्हा चाचपली.

तीही असंच करायची, शब्द लागला नाही की.

हात उचलायला तिला दुसऱ्या हाताचा जोर लावावा लागला. कानातला आवाज अजून शांतपणे आम्लाविषयी बोलत होता. तिने वायर उपटली, काठी घेतली आणि राजीनामा उद्या बहिणीच्या हाती पाठवायचा ठरवून चालू लागली. कुणी अडवलं नाही.

लिफ्टमध्ये ती एकटीच होती. दार लागलं. तळमजल्याचं बटण शोधत तिचं बोट पत्र्यावरून खाली उतरलं. तिथे अंधांसाठी अंकांचे ठिपके होते, पत्र्यातच ठोकून घडवलेले, पक्के.

पहिला ठिपका तिच्या बोटाखाली अलगद आत गेला.