एकशे चाळीस अंश

मंदार पराडकर रजेवर घरी आला, की सिंधूताईंना झाशीच्या लक्ष्मी गेटाच्या आतल्या आपल्या गल्लीत तोच खुलासा नव्याने करावा लागायचा. मुलगा नेव्हीत आहे की कंपनीत?

"दोन्हीत," त्या सांगायच्या. "जहाज कंपनीचं, माल कंपनीचा. पण वर्षातले तीन आठवडे नौदलाच्या राखीव दलात. वेळ पडली तर देशाचा."

समोरच्या घरातले रामस्वरूप भैया तबल्याला हातोडी लावता लावता बुंदेलीत म्हणायचे, "मतलब अम्मा, आधो मोड़ा सरकारी, आधो प्राइवेट."

मंदार हसायचा. व्यापारी जहाजावर तो चीफ ऑफिसर होता, आणि राखीव दलाचा पांढरा गणवेश अंगावर चढवून त्याला दोनच वर्षं झाली होती. यंदा मंगळवारी मुंबईला हजर व्हायचं होतं, म्हणजे सोमवारची गाडी. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, माघातली गणेशचतुर्थी. त्यामुळे अण्णांचं गणेशजन्माचं कीर्तन कधी नव्हे ते त्याला मिळणार होतं. बारा वर्षं हा दिवस कुठल्या ना कुठल्या बंदरात गेला होता.

अण्णा म्हणजे मंदारचे वडील, शशिकांतबुवा. नोकरीभर सरकारी कचेरीत फायली सांभाळल्या आणि संध्याकाळभर झांज. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून असा की आरतीला उभे राहिले तर समईची वात सरळ व्हावी. गल्लीच्या टोकाला मराठी मंडळींचं गणपतीचं लहानसं देऊळ आहे, त्याच्या अंगणात कडुनिंबाखाली नारदाची गादी मांडलेली. कीर्तनकार उभा राहतो ती जागा. अण्णांच्या आजोबांपासून ती तिथंच आहे, वीतभरही सरकलेली नाही. गादीवर उभं राहिलं की माणूस स्वतःचा उरत नाही, तो नारदाचा होतो, हे अण्णा मानायचे, आणि ऐकणाऱ्यालाही ते पटायचं.

गुरुवारी पहाटे मंदार चहाचा पेला घेऊन गच्चीवर गेला. कोहरा असा पडला होता की कठड्यापलीकडे झाशी उरलीच नव्हती. दूध घालणाऱ्याची सायकल कुठेतरी खुळखुळत गेली. आणि मग ओरछा गेटाच्या अंगाने भोंगा वाजला.

एकच. खोल, लांबलेला, पाच सेकंदांचा.

त्याने सवयीने घड्याळ पाहिलं. दोन मिनिटांनी पुन्हा. आणखी दोन मिनिटांनी पुन्हा.

"भैया, ट्रेन है वो," तो खाली आल्यावर देविका म्हणाली. ती त्याची धाकटी बहीण, शाळेत गणित शिकवते, आणि मराठी बोलायला लागली की मधेच हिंदीत घसरते. "कोहऱ्यात सगळ्या गाड्या हॉर्न देतात. तू समुद्रावर राहून राहून बावळट झालायस."

"गाडी घड्याळ लावून हॉर्न देत नाही, देवी."

धुक्यात चालत्या जहाजाने दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा द्यायचा, हा जगभरचा नियम. मंदारने तो हजार वेळा पाळला होता. पण ऐकायला शिकला तो राखीव दलात. तिथल्या कमांडरसाहेबांनी पहिल्याच धुक्यात रडार बंद करायला लावलं होतं. "तुम्ही कंपनीवाले पडदा बघून जहाज हाकता. देवाने कान कशाला दिलेत, टोपी अडकवायला?" मग तासभर डोळे मिटून उभं केलं आणि प्रत्येक भोंग्याची दिशा अंशांत विचारली. चूक झाली की चहा बंद. तीन दिवसांत मंदारचे कान तयार झाले.

शुक्रवारी तो मोबाइलमधलं होकायंत्र घेऊनच गच्चीवर गेला. भोंगा कालच्यापेक्षा जवळ वाटला. नंतर देवळात जाऊन, गादीजवळ उभा राहून त्याने दिशा घेतली. एकशे चाळीस अंश, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेय कोपरा.

शनिवारी गच्चीवरून दिशा नऊ अंशांनी सरकलेली होती. देवळात गादीजवळ तो पुन्हा उभा राहिला. आवाज आता छातीत जाणवत होता, पायाखालची फरशी किंचित घुमत होती.

एकशे चाळीस.

दुसऱ्या जहाजाची दिशा बदलत राहिली तर ते बाजूने निघून जाणार. दिशा तीच राहिली आणि आवाज वाढत गेला, तर टक्कर. यात मत नाही, श्रद्धा नाही, साधी भूमिती आहे. गच्चीवरून पाहिलं तर ते बाजूने जात होतं. गादीवरून पाहिलं तर ते सरळ गादीवर येत होतं. रोजच्या वाढत्या आवाजावरून त्याने मनाशी अंदाज बांधला. रविवारी, दुपारी बाराच्या आसपास.

बारा वाजता गणेशजन्म. आणि गादीवर अण्णा.

तो स्वतःशीच हसला. झाशीत जहाज! पण घरी परतल्यावर चहा हातातच निवाला.

रात्रीच्या जेवणात त्याने विषय काढला. "अण्णा, उद्या गादी सभामंडपात घेऊ या का? बाहेर गारठा आहे. तुमची छाती..."

"छाती माझी आहे, गादी माझी नाही," अण्णा म्हणाले. "नारदांची आहे. हलवायचा अर्ज त्यांच्याकडे दे."

"निदान दहा पावलं डावीकडे."

"आणि कारण काय लिहू अर्जात?"

मंदारला खोटं जमत नसे. "एक जहाज येतंय."

देविका इतकी हसली की तिला ठसका लागला. सिंधूताईंनी मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बेतवा नदीतून येतंय की पहूजेतून?" अण्णांनी गंभीरपणे विचारलं. "येऊ दे की. कीर्तनाला येणाऱ्याला आपण कधी नाही म्हटलंय?"

"अण्णा, मी थट्टा करत नाहीये."

"मग मीही करत नाही." अण्णांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "गादीवर उभा राहिलो की मला बाजूला होता येत नाही, मंदार. तू तुझ्या जहाजाच्या ब्रिजवरून पहारा सोडून जेवायला जातोस का?"

त्या रात्री मंदारने नियमांचं जुनं पुस्तक काढलं. जहाज हलू शकत नसेल तर काय करायचं, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

रविवारी नऊ वाजले तरी कडुनिंबाचा शेंडा दिसत नव्हता. तरी माणसं आली. इलाइट चौराह्याकडून ई-रिक्षा करून, कानटोप्या घालून, तिळाच्या लाडवांचे डबे घेऊन, कारखान्याच्या वसाहतीतली चार नवी बिऱ्हाडंही आली. रामस्वरूप भैयांनी तबला जुळवला. देविका पेटीवर बसली. अण्णांनी पगडी चढवली, गादीला हात लावून तो कपाळी नेला आणि उभे राहिले.

आणि काय उभे राहिले! नमनाचा पहिला सूर लागला आणि थंडीने आखडलेली माणसं सैल झाली. पूर्वरंगाला त्यांनी विघ्न हाच विषय घेतला होता. "विघ्न म्हणजे काय हो? आपल्या वाटेत दुसरा आला की आपण त्याला विघ्न म्हणतो. त्याच्या वाटेत आपण आलो, त्याला काय म्हणायचं?" झांज वाजली. माणसं हसली. म्हातारी लेले आजी मान डोलवता डोलवता रडायलाही लागली. चांगलं कीर्तन असंच असतं, हसता हसता डोळा कधी भरतो ते कळत नाही.

भोंगा वाजला. वाक्याच्या मधोमध. कुणी मान वळवली नाही. चार दिवसांत सगळ्यांना तो सवयीचा झाला होता.

मंदार गादीमागच्या, गाभाऱ्यासमोरच्या मोठ्या घंटेखाली जाऊन उभा राहिला. धुक्यात नांगरून पडलेल्या जहाजाने दर मिनिटाला पाच सेकंद घंटा बडवायची. मी इथे आहे, मला हलता येत नाही, तू वळ. त्याने घंटेचा दोर धरला आणि पाच सेकंद ती जोरात बडवली.

अण्णा थांबले. सगळं अंगण मंदारकडे पाहू लागलं.

"आमचे चिरंजीव," अण्णा म्हणाले, "बारा वर्षांनी घरच्या देवाला भेटतायत. उशीर झालाय, म्हणून जोरात हाक मारतायत."

हशा उसळला. सिंधूताईंचे डोळे कौतुकाने पाणावले. मिनिटाने घंटा पुन्हा वाजली, तेव्हा अण्णांनी तिच्यावरच ठेका धरला. भैयांनी तबल्यावर तो उचलला. तिसऱ्या घंटेपासून लोक टाळ्या देऊ लागले, आणि मंदारची नांगराची घंटा कीर्तनात अशी बसली की जणू दरवर्षीचीच रीत.

मध्यंतरात बुक्का लावला गेला, हार घातले गेले, नामघोष झाला. घंटा चालू होती. उत्तररंगाला आख्यान लागलं. पावणेबारा झाले.

भोंगा. आता तबल्याच्या वाद्या थरथरल्या. मंदारने मोबाइल पाहिला.

एकशे चाळीस.

त्याने देवापुढचा शंख उचलला. घंटेने भागलं नाही तर आणखी एक खूण पुस्तकात होती. एक छोटा, एक लांब, एक छोटा. त्याने छाती भरून घेतली आणि फुंकला.

उत्तर आलं नाही. धुकं तसंच होतं.

बारा वाजले. "झाला हो झाला, जन्म झाला!" गुलाल उधळला, फुलं उडाली, सुवासिनींनी पाळण्याची दोरी धरली. अण्णांनी पाळणा सुरू केला.

मंदारने पुन्हा शंख फुंकला. छोटा. लांब. छोटा.

भोंगा अगदी डोक्यावर वाजला. दोन मिनिटं व्हायच्या आधीच.

एकशे अडतीस.

त्याने पुन्हा फुंकला.

एकशे सव्वीस. ते वळत होतं.

कडुनिंबामागचं धुकं काळवंडलं. सरळ, उंच, भिंतीसारखं. ते सरकत होतं.

सगळ्या समयांच्या वाती एकाच बाजूला कलल्या. ताम्हनातलं तीर्थ काठाशी आलं, मागे गेलं, पुन्हा आलं. ओल्या दोराचा, जळक्या तेलाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास आला.

नव्वद. साठ.

अण्णा डोळे मिटून गात होते. पाळणा शेवटच्या कडव्याला आला होता.

*सागरी गेले, परत न आले, त्यांची माय उभी दारी,*
*आज तयांना जोजव, बाळा, तुझिया पाळण्याशेजारी.*

दुसऱ्या ओळीला साथ मिळाली. जाड, खरखरीत, पुरुषी आवाज. बरेच. मंदारने शंख ओठांना लावून ठेवला आणि फुंकत राहिला, आणि दोन फुंकरींच्या मध्ये ते आवाज त्याला झाडाच्या शेंड्याच्याही वरून ऐकू आले, हळूहळू डावीकडे जाणारे.

मग काळोखी विरळ झाली. वाती सरळ झाल्या.

भोंगा वाजला तेव्हा तो वायव्येला होता. दूर.

अण्णा गादीवर सुखरूप उभे होते. पगडीवर गुलाल होता आणि ते हसत होते. मंदार पायरीवर बसला आणि त्यालाही हसू आलं. हसता हसता डोळे पुसले. बाजूने लेले आजींनी त्याच्या हातावर लाडू ठेवला. "बाळ, भक्ती अशी असावी," त्या म्हणाल्या.

प्रसादाला घरी पंगत बसली. धुकं उठलं होतं, खिडकीतून पिवळं ऊन भातावर पडलं होतं. देविका घंटेची नक्कल करून सगळ्यांना हसवत होती. अण्णा खुशीत होते. दुसऱ्यांदा वरण मागून घेत होते.

"शेवटचं कडवं सुरेख म्हटलंत सगळ्यांनी," मंदार म्हणाला. त्याला कुणीतरी 'हो' म्हणायला हवं होतं.

"आम्ही?" सिंधूताई म्हणाल्या. "आम्ही गप्पच होतो. यांनी ते आज पहाटे रचलंय. कुणाला येणार?"

"पहाटे तो भोंगा ऐकता ऐकता सुचलं," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, तूच म्हणतोयस मागून. तुझी दलातली मंडळी घेऊन."

"मी शंख वाजवत होतो, अण्णा."

"हो, तेही खरंच." अण्णांनी भात कालवला. त्यांच्या चेहऱ्यावर चांगली चीज ऐकलेल्या माणसाचं समाधान होतं. "पण काय सुरात होते, मंदार! माझं कडवं संपलं तरी थांबले नाहीत. पुढचं कडवं म्हणत गेले. त्याच चालीत, त्याच वृत्तात. मी अजून रचलेलं नाही ते. पुढच्या वर्षी तेच घेईन म्हणतो."

"काय होतं त्यात?"

"तुझ्या शंखात धड ऐकू कुठं आलं?" अण्णा हसले आणि ताकाचा पेला त्याच्याकडे सरकवला. "तुझं नाव तेवढं कळलं. दोनदा आलं."