ऑल्विनच्या वतीने

काइनेसिऑलॉजीवर तुझा खरंच विश्वास आहे का, असं मला बरेच जण विचारायचे. साबण विकणाऱ्या बाईचा साबणावर जेवढा असतो तेवढा होता. होबार्ट शहरातल्या एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. ती बंद पडल्यावर मी सिग्नेटला पिप नावाच्या बाईच्या हाताखाली हे शिकायला लागले. सफरचंदांच्या बागांमधलं हे गाव म्हणजे दर दुसऱ्या दारावर कुणीतरी रेकी, सुया नाहीतर पितळी वाट्यांचा नाद विकत बसलेलं. पण पिपची वेळ मिळायला लोक थांबून राहायचे. मला तिच्यासारखा स्वतःचा दवाखाना काढायचा होता आणि माझी मुलगी ऑर्ला हिला नीट वाढवायचं होतं. एवढंच.

काइनेसिऑलॉजीची रीत सोपी. पेशंटने हात समोर ताठ धरायचा, आपण मनगटावर दोन बोटांनी हलकेच दाबायचं. हात टिकला तर शरीर ‘हो’ म्हणतंय, खाली गेला तर ‘नाही’. सुरुवातीला नेहमी पेशंटला स्वतःचं नाव मोठ्याने म्हणायला लावायचं. तेव्हा हात टिकलाच पाहिजे, नाही टिकला तर पुढे काही विचारण्यात अर्थ नसतो. तान्ही बाळं, कुत्री, अंथरुणाला खिळलेली माणसं यांना हात धरता येत नाही. तिथे बदली माणूस लागतो. बदलीने एक तळवा पेशंटच्या खांद्यावर ठेवायचा आणि दुसरा हात समोर धरायचा. त्या हातातून पेशंट बोलतो, अशी समजूत. काम संपलं की बदलीला मोकळं करायचं, तेही त्याचा तळवा पेशंटच्या खांद्यावर असतानाच. कपाळावर हात ठेवून म्हणायचं, आता ही फक्त अमुक. “संडासातून आल्यावर हात धुतो ना, तसं समज,” पिप म्हणायची.

मी बदली म्हणून चांगली होते. माझा हात आडपडदा न ठेवता बोलतो, असं पिप सगळीकडे सांगत सुटायची. म्हणूनच ती मला ऑल्विन थॉर्पकडे घेऊन गेली.

ऑल्विनची वरच्या चढावर मोठी बाग होती. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा डोळा तेवढा शाबूत होता, आणि तो सतत काहीतरी शोधत असायचा. त्याची बायको एनिड गुटगुटीत, हसतमुख, गावातल्या प्रत्येक समितीवर असलेली. पिपकडे येणारे निम्मे लोक तिच्याच शब्दावर आले होते. वयाने ती माझ्या आईएवढी, पण मी अहो-जाहो फक्त तिच्या तोंडावर करायचे.

“या गं पोरींनो! आमचे महाराज बघा, अजून लोळतायत,” असं म्हणत तिने आम्हाला चुलीजवळ बसवलं, गरम स्कोन, म्हणजे गोडसर पाव, दिले. मग त्याच्या उशाशी खुर्ची ओढून म्हणाली, “विचार बाई त्याला, खिडकी उघडी हवी का?”

मी खांद्यावर तळवा ठेवला. पिपने दाबलं. माझा हात खाली गेला.

“नको म्हणतोय,” पिप म्हणाली.

“असं होय? मग राहू दे उघडीच.” एनिड खो खो हसली. “अगं, थट्टा केली!”

खिडकी मात्र आम्ही निघेपर्यंत उघडी होती. ऑगस्टचा, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातला वारा थेट त्याच्या तोंडावर येत होता.

दर खेपेला हेच. बटाट्याचं सूप आवडतं का? नाही. पुढच्या वेळी त्याच्या हनुवटीवर वाळलेलं सूप. लोकरीची चादर टोचते का? टोचते. पुढच्या वेळी तीच चादर गळ्यापर्यंत खोचलेली.

“तिला काय करायचंय कळत नाही का तुला?” परतताना गाडीत मी पिपला म्हटलं. “त्याला काय खुपतं ते ती आपल्याकडून शिकून घेतेय.”

“नवरा-बायकोच्या मध्ये आपण पडू नये. आपण उत्तर द्यायचं, पुढचं त्यांचं ते बघतील.”

“उत्तर माझा हात देतोय, पिप.”

“मग हात चांगला आहे म्हणायचं,” ती म्हणाली आणि रेडिओ लावला.

त्यानंतरच्या मंगळवारी एनिडने केस सेट करून घेतले होते. ती एकदम लाजल्यासारखं करून म्हणाली, “आज एकच विचार. माझ्यावर जीव आहे का त्याचा?”

पिपची बोटं मनगटाला लागायच्या आतच माझा हात असा आदळला की खांद्यात कळ आली.

एनिडने मांडीवरचा रुमाल नीट घडी करून ठेवला. हसू तसंच होतं. पिपने माझ्या कपाळाकडे हात नेला, तशी एनिड म्हणाली, “राहू दे गं ते मोकळं करणं. गुरुवारी परत यायचंच आहे ना? दर वेळी कसली मेली उघडझाप. तुम्ही गेलात की बिचाऱ्याला एकटं पडल्यासारखं होतं.”

पिपने माझ्याकडे पाहिलं. तिला एनिडला दुखवायचं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

“पिप, नको,” मी म्हटलं.

“दोनच दिवस तर आहेत. आणि तू तर हे सगळं मानतच नाहीस ना?”

मी तळवा उचलला आणि कोट घातला.

त्या संध्याकाळी घराच्या पायऱ्या चढताना उजवा पाय मागे राहिला. मानेची नस दबली असेल म्हणून मी शेक घेतला. सगळ्या खिडक्या बंद असून डाव्या डोळ्याला गार वारा लागत होता आणि त्यातून पाणी गळत होतं. ऑर्लाने हौसेने बटाट्याचं सूप केलं होतं, माझ्या आवडीचं. पहिला घोट मी बशीतच थुंकला.

“शी, आई! एवढं वाईट झालंय?”

“नाही गं, राणी,” म्हणायला गेले तर जीभ जड. शब्द कसाबसा बाहेर आला. ऑर्ला हसत होती. तिला वाटलं मी सोंग करतेय.

बुधवारी डॉक्टरांनी मला टाचांवर चालवलं, डोळ्यांत बॅटरी मारली, सगळं ठणठणीत आहे म्हणाले. घरी येऊन सदरा काढला तर गळ्याभोवती तांबडी पुरळ. लोकर टोचल्यावर उठते तशी. माझ्या घरात लोकरीचं काही नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी पिपसमोर हात धरून उभी राहिले.

“म्हण.”

“माझं नाव कोरिन.”

हात खाली गेला.

“ए, मुद्दाम नको करूस.” तिने पुन्हा दाबलं. पुन्हा खाली. मग ती अर्धवट हसून म्हणाली, “बरं, म्हण, माझं नाव ऑल्विन.”

मी म्हटलं. हात फाटकाच्या खांबासारखा टिकला. पिपने बोटं अशी काढून घेतली की जणू चटका बसला.

आम्ही तडक निघालो. शाळेला सुट्टी होती, म्हणून ऑर्लाही बरोबर. तिला गाडीतच थांब म्हटलं. मला भीती होती की एनिड दारातूनच हाकलेल. मी भांडायच्या तयारीने गेले होते.

“मोकळं करायचंय? करा की,” एनिड म्हणाली. “मी कुठे अडवलंय?”

मी त्याच्या खांद्यावर तळवा ठेवला. हाडं हाताला लागत होती. तो डावा डोळा माझ्यावर खिळला होता, आणि मला त्याची फार दया आली. आता याच्या वतीने बोलायला कुणी उरणार नाही, असं मनात आलं. पण मला माझा हात परत हवा होता. मला माझं घर हवं होतं, माझी पोर हवी होती. मी डोळे मिटले.

पिपचा उबदार पंजा कपाळावर आला.

“आता ही फक्त कोरिन.”

मग ती ऊब गेली.

“म्हण, माझं नाव कोरिन.”

“माझं नाव कोरिन.”

आवाज माझा होता. हात टिकला. पिपने सगळा जोर लावला, तरी टिकला. ती हसत-रडत म्हणाली, “झालं गं बाई! सुटलीस!”

मी डोळा उघडला. हे सगळं मला खालून दिसत होतं.

माझी हनुवटी मी आजवर खालून कधी पाहिली नव्हती.

मी ओरडले. काहीच झालं नाही. जीभ तोंडात नुसती पडून होती.

माझा कोट घातलेली ती बाई उजव्या हाताची मूठ उघडत होती, मिटत होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

“निघू या,” ती घाईने म्हणाली. “मुलगी गाडीत वाट बघतेय.”

दार लागलं. बाहेर ऑर्लाचा आवाज आला, काहीतरी विचारत होती. कुणीतरी उत्तर दिलं आणि ती हसली. गाडी उतारावरून खाली गेली.

एनिड परत आली. खुर्ची ओढून बसली आणि माझ्या डोळ्यात बराच वेळ निरखून पाहत राहिली.

“हं,” ती म्हणाली. “बरंच झालं. त्याच्यात आता काही उरलंच नव्हतं.”

ती उठली, कोमट पाणी, ब्रश आणि वस्तरा घेऊन आली, आणि माझ्या गालावर सावकाश फेस लावू लागली.

“हलायचं नाही हं, कोरिन.”