दुसरी बाही

गुरुवारी रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी ती स्वेटर घेऊन बाळाच्या खोलीत गेली, एवढंच निमित्त झालं. फ्रेमवाले काका जिन्यावर बसून पोरांना सांगत होते.

ती म्हणजे त्यांच्या दुकानात चित्रं देणारी चित्रवाली. तळहाताएवढी, अ‍ॅक्रिलिकची. भंगारवाल्याकडून वस्तू आणायची. दांडी तुटलेला चष्मा, झिजलेली फणी... ज्या माणसांचं आता कुणी नावही काढत नाही, त्यांच्या. दिसेल तसं रंगवायचं, मनाचं काही घालायचं नाही, हा तिचा नेम.

"भूत कधी येणार, काका?"

"तुझ्यासारखं आगाऊ नव्हतं ते. ऐक."

त्या दिवशी तिला तान्ह्या बाळाचा पिवळा स्वेटर मिळाला. एक बाही पुरी. दुसरी कोपरापर्यंतच, टाके अजून सुयांवर. तिला भडभडून आलं. निदान चित्रात तरी पुरा करू, म्हणाली. बाही किती लांब हवी ते पाहायला स्वेटर आपल्याच झोपलेल्या लेकाच्या हाताला लावला. तिथंच चुकलं.

टेबलाशी येऊन तिनं बाही रंगवली. अ‍ॅक्रिलिक ते, लगेच वाळतं. ब्रश धुऊन आली, तर कोपराखाली कोरा कॅनव्हास. पुन्हा रंगवली. पुन्हा गेली.

स्वेटरकडे बघायला वळली. स्वेटर नाही.

बाळाच्या खोलीतून आवाज. टिक... टिक... सुयांचा.

ती धावली. पाळण्याशी एक बाई. पाठमोरी. दोन बोटांनी बाळाचा हात मापत होती. मनगटापर्यंत गेली... परत कोपराशी आली. थांबली.

"ताई," चित्रवाली दारातूनच म्हणाली, "माझा एकुलता एक आहे हो..."

बाई वळली नाही.

"माझाही होता."

मग, अगदी हळू, "खोटं रंगवू नकोस, बाई. तेवढंच विणून झालं होतं... मग तो राहिलाच नाही."

जिन्यावर पोरं काकांजवळ सरकली.

"आणि बाळ?" धाकटीनं विचारलं.

"गाढ झोपेत. दिवा लावला तर खोलीत दुसरं कुणी नाही. स्वेटर पाळण्याच्या कठड्यावर. सुया काढून बाजूला ठेवलेल्या. बाही अर्धीच, पण टाके एकेक करून बंद केलेले, लोकरीचं टोक आत ओवलेलं. चित्रवालीला विणकामातलं ओ की ठो कळत नाही."

काका उठले.

"मग तिनं चित्रातही बाही अर्धीच ठेवली. ते चित्र माझ्याकडे आहे. विकायला नाही. जिथं जाल तिथं विचारा, रे. तो स्वेटर कुणाच्या घरातला, कुणी ओळखला, तर म्हणावं... चित्र न्यायला या."