केळशीची हजेरी

साहेबलोकांचं डोकं ते, आपण काय बोलणार? सत्तावन्न सालच्या आश्विनात हुकूम सुटला, की किनाऱ्यावरच्या सात चौक्यांतले पोलिसांचे बिनतारी संच बंद करा, हर्णैचा तेवढा ठेवा, आणि सगळा कारभार रत्नागिरीच्या एका खोलीतून हाका. खर्च वाचतो म्हणे. केळशीचा संच खोक्यात भरून आला, आणि त्याच्या पाठोपाठ काशीरामही आला. आठ वर्षं त्यानं केळशीच्या टेकडीवर तो संच सांभाळला होता. रोज चारच्या हजेरीला तो "केळशी हाजर" म्हणायचा आणि नियमात नसताना किती होड्या परतल्या तेही सांगायचा.

रत्नागिरीत हजेरी घ्यायचा गफूर. त्याचा धाकटा भाऊ हारुन केळशीच्या एका होडीवर तांडेल, होडी हाकणारा म्होरक्या. त्यामुळे तो आकडा कानावर पडल्याशिवाय गफूरला चहा गोड लागत नसे.

त्यानंतर एके दिवशी दुपारीच आभाळ काळंठिक्कर झालं. वारा कौलं उचकटत होता. चार वाजता गफूरनं हर्णैला पुकारलं, हर्णैनं जबाब दिला, आणि जिभेची सवय कुठं जाते? त्याच्या तोंडून निघून गेलं, "केळशी?"

बाकावर चहा पीत बसलेला काशीराम उदास हसला. "अरे, केळशी तर त्या खोक्यात हाय."

टेबलावरचा संच खरखरला. मग आवाज आला, संथ, रोजचा.

"केळशी हाजर. चार होड्या परतल्या. पाचवी... हारुनची... खडकाकडं ओढतेय. माणसं पाठवा."

आवाज काशीरामचा होता. आणि काशीराम तर हातात कप धरून समोर बसला होता. खोलीत खाऱ्या पाण्याचा नि ओल्या दोरांचा वास दाटला.

"काशीरामभाऊ... हे कोण बोलतंय?"

काशीरामनं नुसती मान हलवली.

बंद चौकीची खबर वहीत लिहायची तरी कशी? खोटी निघाली तर नोकरीवर पाणी. पण पाठचा भाऊ बुडत असताना नियम कोण बघतो? गफूरनं हर्णैला पुकारलं. "केळशीच्या खडकांकडं लाँच सोडा."

"खबर कोणाची?"

"माझी. लवकर सोडा."

दिवेलागणीला हर्णैचा निरोप आला. होडी फुटली, पाचही माणसं जिवंत. गफूर टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. काशीराम मात्र दुपारपासून गप्प होता. भेदरला असेल, असं गफूरला वाटलं.

तिसऱ्या दिवशी हारुन आला तो थेट त्या खोलीत. त्यानं काशीरामचे दोन्ही हात धरले.

"भाऊ, तुम्ही कड्यावरून ओरडत होता, डावीकडं घे, डावीकडं घे. लाँच येईस्तोवर तुमच्या आवाजावरच तगलो आम्ही."

"हारुन," गफूर हळूच म्हणाला, "हे तेव्हा इथं होते... माझ्यासमोर."

काशीरामचे डोळे भरून आले. त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली, पण आवाज फुटला नाही.

आवाज आला टेबलावरच्या संचातून. त्याचं बटण बंद होतं.

"बस, हारुन... जेवलास का?"