पुढच्या दोन दातांमधली फट

जेवायला निघालेल्या डॉक्टर प्रियदर्शिनीनं दवाखान्याचं दार धाडकन उघडलं आणि बाहेर उभ्या माणसाच्या पुढच्या दाताचा तुकडा पायरीवर पडला.

दंतवैद्याच्या दारात, दंतवैद्याच्याच हातून! हैदराबादेत, नारायणगुड्याच्या भर बाजारात धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. तो उंच, सावळा माणूस ट्रम्पेटचा माउथपीस ओठांना लावून फुर्र फुर्र करत बसची वाट पाहत होता आणि फटका नेमका त्यावर बसला होता.

"अय्यो... लागलं का हो?"

"लागलं तर आहे," ओठावरचं रक्त पुसत तो म्हणाला, "पण बोर्ड वाचून बरं वाटलं. दात पाडायचे अन् बसवायचे, दोन्ही इथंच होते, हौ ना?"

ती हसली नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

तिनं एक्सरे काढेपर्यंत त्यानं आपलं आयुष्य सांगून टाकलं. नाव शिवराज. वडील, भगवंतराव, काचीगुड्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. हाही बाराव्या वर्षीच वरातीत उभा राहिला. एकदा नवरदेव घोड्यावर असताना याच्या गाण्याची चाल चुकली आणि हा मनाला येईल ते वाजवत सुटला. घोडा बिथरला, बँडनं याला हाकललं. पुढं कळलं की अशा वाजवण्याला फ्री जॅझ म्हणतात आणि परदेशात लोक तिकीट काढून ते ऐकतात.

"परवा सिकंदराबादला वाजवायचंय. बर्लिनहून माणसं येतायत ऐकायला. आवडलं तर वर्षभर तिकडं."

"गाणं कुठलं वाजवणार?"

"गाणंच नसते. त्या घडीला सुचेल ते... आता तुमच्यावर वाजवू?"

"तोंड उघडा," ती म्हणाली.

तिनं जीव ओतून काम केलं. तुटलेला कोपरा भरला आणि त्याच हातासरशी पुढच्या दोन दातांमधली मूळची फटही बुजवून टाकली, वर एक पैसा घ्यायचा नाही असं ठरवलं. आरशात बघून तो हसला, तेव्हा तिच्या काळजाचा ठोका चुकला. इतका देखणा होता हा?

मग त्यानं पिशवीतून ट्रम्पेट काढून फुंकला. नुसती हवा. पुन्हा फुंकला, तर शाळेच्या कवायतीतला असावा तसा गुळगुळीत सूर निघाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"फट... कुठं गेली?"

"बुजवली. बरी दिसत नव्हती, म्हणून—"

"माझा आवाज तिच्यातूनच यायचा, डॉक्टर."

प्रियदर्शिनी हबकली. साधं विचारायचंही सुचलं नव्हतं तिला! तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता जिभेनं दातांमागं फट शोधत राहिला.

"घासून काढते," ती कशीबशी म्हणाली, "पण आधी किती होती ते मोजलंच नाही मी. जुना कार्यक्रम आहे मोबाइलवर? लावा."

तिनं केसभर घासायचं, त्यानं वाजवायचं, मग दोघांनी मोबाइलवरचं ऐकायचं. पहिल्यांदा तिला दोन्ही सारखंच वाटलं, भांडी पडल्यागत. जेवण राहिलं. दुपारचे रोगी बाहेर खोळंबले.

"झालं असेल, परेशान नका होऊ," सातव्या वेळी तो म्हणाला.

"नाही. मोबाइलवर वरचा सूर फाटतो. तुमचा अजून फाटत नाही."

तो चमकून तिच्याकडे बघत राहिला. "तुम्हाला... ऐकू आलं ते? आमचे बाबा बी आजवर विचारतात, गाणं कधी वाजवणार म्हणून."

नवव्या वेळी सूर फाटला. खरखरीत, वेडावाकडा, रडता रडता हसू फुटावं तसा. प्रियदर्शिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि डोळे भरून आले. कशासाठी, ते तिलाच कळेना.

"जमलं," ती म्हणाली.

"हौ."

"हे संगीत मला अजूनही कळत नाही. पण तुम्ही बर्लिनला गेलात तर... मला नाही चालणार." बोलून गेली आणि स्वतःच थक्क झाली. सकाळी या माणसाचं नावही तिला ठाऊक नव्हतं!

शिवराजनं ट्रम्पेट हळूच मांडीवर ठेवला. "मग पुन्हा बुजवा फट. मी इथंच राहतो."

"खबरदार!" ती ओरडली. मग मास्क खाली ओढून म्हणाली, "परवा येते मी ऐकायला. आणि तुम्ही गेलात तरी... वाट बघेन."

त्यानं हात पुढं केला. तिनं हातमोजा काढला आणि आपला हात त्याच्या हातात दिला.