सीलबंद पाकीट

"हात लावू नका!" असं ती ओरडली खरी, पण तोवर कात्री चालली होती.

दूरच्या युद्धानं समुद्रमार्ग अडला होता, इलेक्ट्रॉनिक चिप्सची जहाजं अडकून पडली होती. म्हणून सरकारनं हुकूम काढला, कारखान्याकारखान्यातल्या चिप्स मोजा; टंचाई आली तर दवाखान्यांची यंत्रं आधी बनली पाहिजेत. इथे सलाइनचे पंप बनत, आणि स्टोअरची सर्वेसर्वा ती होती. मोजायला आलेल्या अधिकाऱ्यानं पहिल्याच दिवशी सीलबंद पाकीट फोडून ठेवलं!

"आकडा वरच छापलाय ना, साहेब! हवेतला दमटपणा शिरला की चिप्स वाया जातात. आता चोवीस तास ओव्हनमध्ये सुकवा, पुन्हा सील करा. तोवर तुम्हाला सही करता येणार नाही. नियम तुमचाच आहे."

"म्हणजे... उद्या पुन्हा यावं लागेल?"

त्याचं तोंड पडायला हवं होतं. पडलं नाही.

मग दर सोमवारी तो दारात उभा राहायचा, हात पाठीमागे बांधून. "हात बांधलेत. येऊ का आत?" ती हसू दाबायची. पॅकिंगमध्ये काम करणारी तिची वहिनी मात्र कुठली सोडतेय! "मोजणी चिप्सची चाललीय की आमच्या नणंदबाईंची?"

तीन महिन्यांत दुसऱ्या मार्गानं माल आला, सहा महिन्यांचा साठा झाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिला मात्र रडू येत होतं.

"शेवटची सही," तो म्हणाला. "उद्या सकाळी निघतो. बदली झालीय." पेन उघडलं, पण कागदावर टेकवेना. "काही... राहिलंय का?"

"नाही," ती म्हणाली, आणि स्वतःवरच चिडली. खणातून कात्री काढली आणि समोरचं पाकीट टर्रकन फाडलं.

"अहो! हे काय केलंत?"

"चुकून झालं."

"तुमच्या हातून? चुकून?"

"चोवीस तास सही नाही. नियम म्हणजे नियम." तिचे कान तापले होते. "आणि तेवढ्या वेळात तुम्ही विचारलं नाहीत ना... तर मी विचारणार आहे."

त्यानं हळूच पेनाला टोपण लावलं आणि हात पुन्हा पाठीमागे बांधले. "मग आत्ताच विचारा की."

"थांबा, आधी ओव्हन लावते. पाकीट खरंच फुटलंय."

ओव्हनचा ट्रे उचलायला ती वळली. त्याचे पाठीमागे बांधलेले हात सुटले, आणि इतक्या सोमवारांत पहिल्यांदाच ट्रेवरच्या तिच्या हातांवर आले.

हात लावू नका, असं ती या वेळी म्हणाली नाही.