वावर कोण वाहते?

"मी सांगतो तेवढंच सांगजो," अमर उंबऱ्याबाहेरूनच बायजाला म्हणाला... आठ महिन्यांनी भाऊ दारात आला, तो थोरल्या बहिणीला खोटं पढवायला!

आईबाप गेले तेव्हा अमर सात वर्षांचा होता. बायजानं लग्नाचा विषयच सोडला, आर्वीकडच्या जंगलकाठचं तीन एकर वावर एकटीनं वाहिलं, त्याला शिकवलं, हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लावलं. वावर कायद्यानं नावावर व्हावं म्हणून वनहक्काचा दावा भरायची वेळ आली, तेव्हा ही भाबडी बाई, भाऊ असताना बहिणीचं नाव कशाला, म्हणत त्याचंच नाव देऊन आली. पुढे पाहणीवाल्यांनी विचारलं, वावर कोण वाहते? तिनं अभिमानानं सांगितलं, "मीच!" झालं... दावेदार स्वतः कसत नाही, म्हणून दावा फेटाळला. बहिणीनंच जमिनीसाठी दगा दिला, असं मनात धरून अमरनं बोलणं टाकलं.

आज वर्ध्याला अपिलाची सुनावणी होती. ग्रामसेवकानं समजावलं होतं की अपील मंजूर होईल, नामंजूर होईल, नाहीतर फेरचौकशीला ग्रामसभेकडे परत येईल. बायजाला एवढंच कळत होतं, की खरं बोललं तर भाऊ जातो आणि खोटं पकडलं तर वावर जातं. एसटीत ती सारा वेळ पदराचं टोक चावत बसली.

साहेबांनी आधी तिलाच पुढे बोलावलं.

"अमरच वाहते, साहेब... मी नुसती भाकर नेऊन देते."

मग पाहणीत खोटं सांगितलं, असं लिहू का, त्यांनी विचारलं. बायजानं होकारार्थी मान हलवली. आपल्या साऱ्या जन्माच्या कष्टांवर पाणी सोडत तिनं अंगठा शाईला लावला... आणि अमरनं तिचा हात धरला.

"नका लिहू, साहेब. खोटं मीच पढवलं. मी जिनिंगमंदी होतो. वावर माह्या या मोठ्या बहिणीनं, बाईनं वाहलं... मले बी तिनंच वाढवलं."

साहेबांनी हुकूम लिहिला: प्रकरण ग्रामसभेकडे परत, बायजाच्या नावानं नवा दावा घेऊन फेरचौकशी करावी.

बाहेर पायरीवर बसताच बायजानं विचारलं.

"अन् ग्रामसभेनं नाई म्हटलं त?"

अमरनं डोळे पुसले. "त आखीन अपील करू, बाई. आता दावेदार तू, साक्षीदार मी."